'चालेल' म्हणजे नक्की काय?

काही वर्षांपूर्वी आमची टीम दोन-तीन देशांत विखुरलेली होती, सिस्टिम चोवीस तास चालू ठेवायची म्हणून ऑन-कॉल ड्युट्या असायच्या, आणि एका शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरचा ईमेल आला की पुढच्या महिन्यापासून नवीन रोस्टर. दोन ओळी आणि खाली एक एक्सेल शीट जोडलेली, बाकी काही नाही. माझ्या रात्रीच्या ड्युट्या महिन्याला चारच्या सात झाल्या होत्या. टीममधल्या एका डच सहकाऱ्याच्या पाचच्या तीन झाल्या होत्या.

सोमवारच्या कॉलवर भडकला कोण, तर तो!

म्हणजे ज्याचा फायदा झाला तो भांडतोय आणि जिचं नुकसान झालं ती म्यूटवर बसून ऐकतेय. त्याचं म्हणणं एकच होतं, आम्हाला विचारलं का नाही. ड्युट्या कमी की जास्त हा मुद्दाच नाही म्हणे, आमच्या रात्रींचं काय करायचं हे आम्हाला न विचारता ठरवलं हेच अन्यायाचं आहे. मला तेव्हा खरंच कळेना, अरे बाबा तुझ्या दोन रात्री वाचल्या, गप झोप की. आणि मॅनेजरने रोस्टर लावलं यात अन्याय कसला, ते त्याचं कामच आहे, वरून आलं म्हणजे आलं, त्याने काहीतरी विचार करूनच लावलं असेल, असं माझं सरळ गणित.

पण मी अगदीच संत होते असंही नाही. मला लागलं होतं, फक्त वेगळ्याच ठिकाणी. त्या शीटमध्ये माझं नाव चुकीचं लिहिलं होतं. दोन वर्षं त्याच्या हाताखाली काम करतेय, रोज त्याला ईमेल जातात, खाली नाव असतं, आणि ह्या माणसाला स्पेलिंग माहीत नाही. सात रात्रींचा मी कुणाजवळ उल्लेखसुद्धा केला नाही पण ते नाव मी चार जणांना दाखवलं असेल.

तर हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. एकच ईमेल, एकच मॅनेजर. त्याला एक अन्याय दिसला, मला दुसराच, आणि दोघांनाही एकमेकांचा अन्याय दिसलाच नाही.

नंतर यावर जे हाताला लागेल ते वाचत गेले. खेर्ट होफस्टेड म्हणून एक डच संशोधक होते, त्यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएम कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाच्या वर प्रश्नावल्या अभ्यासल्या आणि 1980 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी एक कल्पना लोकप्रिय केली, तिला मराठीत सत्तेचं अंतर म्हणू. म्हणजे सगळ्यात खालच्या माणसाला, वर आणि खाली यांच्यात असलेलं अंतर कितपत स्वाभाविक वाटतं. याचे देशवार आकडे आहेत, आकडा जितका मोठा तितकं अंतर जास्त स्वाभाविक वाटतं, ऑस्ट्रिया 11, डेन्मार्क 18, नेदरलँड्स 38, अमेरिका 40, भारत 77, मलेशिया 104 (हो, शंभराच्या वर, कारण स्केल बांधल्यानंतर काही देश नंतर जोडले गेले). हे वाचल्यावर मी टाळीच वाजवली, म्हटलं सुटलं कोडं, तो 38 आणि मी 77.

इतकं सोपं नसतं अर्थात. एक तर हे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत, माणसाच्या कपाळावर चिकटवायचे नाहीत, हे स्वतः होफस्टेडच सांगायचे. दुसरं म्हणजे एकाच देशात कामाप्रमाणे फरक पडतो, ज्यांचं शिक्षण कमी, काम साधं, त्यांच्यात हे अंतर जास्त दिसतं आणि वरच्या पदावरच्या शिकलेल्यांत कमी. म्हणजे ज्याला आपण 'त्यांची संस्कृती' म्हणतो त्यातला बराचसा भाग नुसता 'त्याची खुर्ची' असू शकतो. आणि 2002 मध्ये मॅकस्वीनी नावाच्या अभ्यासकाने तर एका कंपनीच्या नोकरांवरून अख्ख्या देशाचा स्वभाव कसा काय काढता असं विचारून या सगळ्याची सालंच काढली. वाद अजून मिटलेला नाही.

मला मात्र त्या वादापेक्षा दुसरीच गोष्ट खटकली, आणि ती मला वाटतं कुणी फारशी बोलत नाही. हा आकडा काढला कसा? तर तीन प्रश्नांवरून. तुमचा बॉस निर्णय कसे घेतो असं तुम्हाला वाटतं, कशा पद्धतीने निर्णय घेणारा बॉस तुम्हाला आवडेल, आणि तिसरा प्रश्न, वरिष्ठांशी असहमती दाखवायला कर्मचारी घाबरतात असं तुमच्या अनुभवात किती वेळा होतं.

घाबरतात! म्हणजे ज्या आकड्यावरून आपण म्हणतो की 'त्या लोकांना वरच्याचं ऐकण्यात काही वावगं वाटत नाही', त्या आकड्याच्या पोटातच भीती भरलेली आहे. मग मी म्यूटवर बसले ती मला ते मान्य होतं म्हणून, की तोंड वर करून बोलणाऱ्याचं पुढे काय होतं हे मला लहानपणापासून माहीत होतं म्हणून? 'आगाऊपणा करू नकोस', 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये', 'पाण्यात राहून माशाशी वैर करू नये', ही वाक्यं इतक्या वेळा ऐकलीत की ती आता मतं राहिलेली नाहीत, हाडांत मुरलीत. भीती जुनी झाली की तिला आपण स्वभाव म्हणायला लागतो.

बरं, विचारलं जाण्याचं महत्त्व सगळ्यांना सारखं नसतं हेही खरंच आहे. 1975 मध्ये थिबो आणि वॉकर या दोघांनी दाखवलं होतं की निर्णय विरुद्ध गेला तरी आपली बाजू मांडायला मिळाली असेल तर माणसाला तो जास्त न्याय्य वाटतो. हे कोर्टकचेरीच्या संदर्भातलं, नंतर ते ऑफिसांत आलं. मग 2001 मध्ये ब्रॉकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीन, हाँगकाँग, मेक्सिको, अमेरिका, जर्मनी इथल्या लोकांवर तपासलं तेव्हा दिसलं की बोलायची संधी न मिळाल्याचा परिणाम जिथे सत्तेचं अंतर कमी मानलं जातं तिथे जास्त होतो. तिथे माणूस चिडतो, कंपनीवरून मन उडतं. जिथे अंतर जास्त, तिथे न विचारल्याने तितकं काही बिघडत नाही, कारण आपल्याला विचारतील अशी अपेक्षाच कुठे होती.

म्हणजे माझा डच सहकारी आणि मी, दोघंही अगदी पुस्तकात दाखवल्याप्रमाणे वागलो.

पण गंमत बघा, याच विषयातल्या टायलर, लिंड आणि हुओ यांच्या 2000 सालच्या कामात असं येतं की अंतर मानणारी माणसं वरच्याने कसं वागवलं याला कमी आणि पदरात काय पडलं याला जास्त महत्त्व देतात. या हिशोबाने मी सात रात्रींवरून चिडायला हवं होतं आणि स्पेलिंग विसरायला हवं होतं. झालं नेमकं उलटं. त्यामुळे मी नक्की कुठल्या खणात बसते ते मला अजून कळलेलं नाही, आणि खरं तर अशी खणात न बसणारी माणसंच मला जास्त भेटलीत.

यावर माझं स्वतःचं एक मत बनलंय, अभ्यासकांना विचारलेलं नाही. जिथे वरच्याला पुष्कळ अधिकार दिलेला असतो तिथे त्याच्याकडून बदल्यात काहीतरी मोठं मागितलेलंही असतं, फक्त ते कुणी तोंडाने बोलत नाही. तू ठरव, आम्ही ऐकतो, पण तू आमच्याकडे लक्ष ठेव. घरी कुणी आजारी आहे का, कुणाचं लग्न आहे, कुणाला रात्री यायला त्रास होतो, हे तुला न सांगता माहीत हवं. अशा ठिकाणी आदर्श बॉस म्हणजे चांगला बाप, हे होफस्टेडनेही लिहून ठेवलंय. मग बापाने न विचारता निर्णय घेतला तर राग येत नाही, पण बापाला आपलं नाव नीट येत नाही हे कसं सहन होणार! आमच्या मॅनेजरने अधिकार बापासारखा वापरला आणि लक्ष मात्र एक्सेल शीटइतकं दिलं. माझ्या दृष्टीने करार मोडला होता तो तिथे. डच सहकाऱ्याच्या दृष्टीने असा काही करारच नव्हता, त्याच्या लेखी मॅनेजर म्हणजे काम वाटून देणारा एक सहकारी, ज्याला विचारल्याशिवाय वाटायचा हक्क नाही.

ह्या न बोललेल्या कराराचा तोटा हा की तो कुठेच लिहिलेला नसतो. 'विचारलं नाही' ही तक्रार करता येते, त्यासाठी एचआरकडे फॉर्म असेल. 'लक्ष दिलं नाही' याचा फॉर्म कुठल्या कंपनीत मिळतो? आणि बाप म्हटलं की आवडतं-नावडतं लेकरू आलंच. ज्याच्या घरचं साहेबाला माहीत त्याला सुट्टी, जो आपलं आपण काम करून घरी जातो त्याच्या वाट्याला रविवार. ही व्यवस्था मायेची आहे असं सांगणारे बहुतेक वेळा आवडतं लेकरूच असतात, हेही मी बघितलंय.

आता पुढचा भाग, ज्यात माझी फजिती आहे.

दुसऱ्या नोकरीत मी स्वतः टीम लीड झाले. एव्हाना हे सगळं वाचून डोकं भरलेलं, म्हटलं आपण तसं नाही करायचं, आपण विचारणार. पहिल्याच महिन्यात मीटिंग घेतली, रोस्टर कसं लावूया, तुमचं मत सांगा, सगळे बोला. आठ माणसं आणि शांतता अशी की पंख्याचा आवाज ऐकू यावा. एक जण म्हणाला 'तुम्ही ठरवाल ते चालेल'. दुसरा म्हणाला 'चालेल'. मग सगळेच चालेल चालेल. मी अजून खोदून विचारलं, नाही नाही, मोकळेपणाने बोला, तर एक सीनिअर माणूस, माझ्यापेक्षा वयाने दहा वर्षांनी मोठे, मीटिंगनंतर हळूच बाजूला घेऊन म्हणाले, 'मॅडम, तुम्हाला ठरवता येत नसेल तर मी करून देऊ का?'

त्यांच्या मनात टोमणा नव्हता हो, खरोखर मदत करायला आले होते. त्यांना वाटलं हिला जमत नाहीये म्हणून ही आम्हाला विचारतेय. आणि बाकीच्यांना काय वाटलं ते नंतर कळलं, की ही विचारतेय म्हणजे उद्या काही चुकलं तर 'तुम्हीच सांगितलं होतं' म्हणायला मोकळी. म्हणजे विचारणं हा माझ्या लेखी मान देणं होतं आणि त्यांच्या लेखी जबाबदारी ढकलणं. मला तर वाटलं होतं की विचारलं की माणूस खूश होतो, हे काय गुरुत्वाकर्षणासारखं सगळीकडे चालतं.

त्याहून वाईट प्रकार मी दुसऱ्या तिमाहीत केला. रोस्टर माझ्या मनात तयार होतं, तरीही सर्व्हे पाठवला, सगळ्यांनी भरला, आणि मी आधी ठरवलेलंच लावलं. मुद्दाम नाही केलं, मला खरंच वाटत होतं की बघू, काही चांगलं आलं तर बदलू. पण लोक मूर्ख नसतात. विचारून न ऐकणं हे न विचारण्यापेक्षा जास्त झोंबतं, याचाही अभ्यास 1970 च्या दशकात फोल्जर यांनी केलेला आहे, माणूस आवाज देतो आणि काहीच हलत नाही तेव्हा तो जास्त खट्टू होतो. मला तो अभ्यास सापडायच्या आधी त्याचा अनुभव आला. पुढच्या सर्व्हेला आठातल्या दोघांनी उत्तर दिलं, त्यातलं एक माझंच टेस्ट उत्तर होतं.

समजावून सांगणं मात्र बहुतेक सगळीकडे चालतं असं दिसतं, निदान मला तसं दिसलं. ग्रीनबर्ग नावाच्या संशोधकाचा 1990 चा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या एका कंपनीला कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी 15 टक्के पगारकपात करावी लागली. एका कारखान्यात साहेबाने दीड तास बसून का, कशी, किती दिवस हे सांगितलं, प्रश्नांना उत्तरं दिली, वाईट वाटतंय हेही बोलला. दुसऱ्यात पंधरा मिनिटांत उरकलं. तिसऱ्यात कपातच नव्हती. कपात दोन्हीकडे सारखीच, पण जिथे पंधरा मिनिटांत उरकलं तिथे कारखान्यातल्या वस्तूंच्या चोऱ्या सगळ्यात जास्त वाढल्या, आणि नोकरी सोडून जाणारेही तिथेच जास्त. लोक आपला हिशोब आपल्या पद्धतीने चुकता करत होते. कॉलवर भांडण नाही, एचआरला ईमेल नाही, नुसतं खिशातून न्यायचं. तिथे कुणी तोंडाने काही बोललं असेल असं मला वाटत नाही.

गप्प माणसांचा अन्याय असाच दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. आजारपणाच्या सुट्ट्या, उशिरा उचललेला फोन, 'लक्षात नाही आलं', आणि एक दिवस राजीनामा ज्यात कारण लिहिलेलं असतं 'वैयक्तिक'. वरचा म्हणतो काही बोललाच नाही, इतका समाधानी माणूस होता.

इथे एक आडवळण घेते, कारण हे गप्प बसणं फक्त 'अंतर मानणाऱ्या' देशांचं दुखणं आहे असं म्हणणारे लोक भेटतात आणि मला ते पटत नाही. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, 583 माणसं गेली, विमान वाहतुकीतला आजवरचा सगळ्यात भीषण अपघात. धुक्यात टेकऑफ सुरू केलेलं विमान डच कंपनीचं होतं, कॅप्टन डच. फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाहीये का. कॅप्टनने ठामपणे हो, हटलंय अशा अर्थाचं उत्तर दिलं आणि विषय संपला. शेजारी बसलेल्या फर्स्ट ऑफिसरला त्या जातीच्या विमानासाठी याच कॅप्टनने सुमारे दोन महिन्यांपूर्वी पास केलं होतं. आता 38 आकड्याच्या देशातली ही माणसं. देशाचा आकडा कितीही असो, ज्याने तुम्हाला पास केलंय त्याला 'थांबा, चुकताय' म्हणणं कुणाच्याही जिवावर येतं. त्यानंतर 1979 मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि कॉकपिटमध्ये खालच्याने कसं बोलायचं, वरच्याने कसं ऐकायचं याचं प्रशिक्षण सुरू झालं. म्हणजे ते शिकवावं लागतं, रक्तात कुणाच्याच नसतं.

नावाने हाक मारण्याचंही तसंच. स्वीडनमध्ये 1967 साली वैद्यकीय बोर्डाचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी जाहीर केलं की मी इथल्या सगळ्यांना 'तू' म्हणणार, आणि बघता बघता पूर्ण देशाची बोलायची रीत बदलली. आपल्याकडे कुणी नवीन मॅनेजर येऊन म्हणतो मला सर म्हणू नका, तेव्हा आपण त्याला नावाने हाक मारायला शिकतो, पण अप्रेझलचं पत्र उघडताना मनात तो सरच असतो. माझी टीम मला मॅडमच म्हणते, मी आता त्यावर वाद घालत नाही.

आणि एक आकडा मला कायम आठवतो. ग्लोब नावाचा एक मोठा अभ्यास 2004 मध्ये छापला गेला, 62 समाजांतल्या सुमारे 17 हजार मधल्या फळीच्या मॅनेजरांना त्यात दोन गोष्टी विचारल्या, सत्तेचं अंतर तुमच्याकडे किती आहे, आणि किती असायला हवं असं वाटतं. सातपैकी गुण. आहे याची सरासरी पाचाच्या थोडी वर. असावं याची तीनच्याही खाली. म्हणजे ज्यांच्याबद्दल आपण बिनधास्त म्हणतो की 'त्यांना तसंच आवडतं', त्यांनाही ते इतकं नकोच आहे. सवय आहे आणि आवड आहे यातला फरक कुणी विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायला गेलं की 'चालेल' ऐकू येतं.

सध्या मी काय करते तर मीटिंगमध्ये विचारतच नाही. आठ जणांसमोर मत देणं म्हणजे परीक्षा, आणि मला चूक दाखवणं म्हणजे आठ जणांसमोर मला चूक दाखवणं, कोण कशाला करेल. कच्चं रोस्टर मीच लावते, ठरवायची जबाबदारी माझी हे स्पष्ट सांगते, का असं लावलंय ते प्रत्येकाच्या नावापुढे एका ओळीत लिहिते, आणि पक्कं करायच्या दोन दिवस आधी एकेकाला वेगवेगळं पाठवते. जपानी कंपन्यांत मीटिंगच्या आधीच एकेकाशी बोलून घ्यायची पद्धत आहे, नेमावाशी म्हणतात तिला, मूळ अर्थ झाड हलवण्याआधी मुळांभोवती माती मोकळी करणं. हे मला नंतर कळलं, माझं आपलं फजितीतून आलेलं. स्पेलिंगं दोनदा तपासते.

आमच्या टीममध्ये यात बरीच खोट काढणारी एक मुलगी आहे, तिच्या मते हे सगळं लपूनछपून चाललंय, कुणी काय मागितलं ते सगळ्यांना दिसायला हवं, नाहीतर कुणाचं ऐकलं आणि कुणाचं नाही हे कसं कळणार. तिचं म्हणणं बिनतोड आहे. माझ्याकडे त्यावर उत्तर नाही, फक्त एवढंच की सगळ्यांसमोर मागायला सांगितलं तर मागणारी ती एकटीच असेल.

मागच्या महिन्यात त्याच सीनिअर सहकाऱ्यांना कच्चं रोस्टर पाठवलं. उत्तर आलं, 'चालेल'. मी लिहिलं, चालेल म्हणजे बरं आहे, की चालवून घ्याल? दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला, 'बुधवार सोडून. बाकी बरं आहे.'

बुधवार काढला.